मुलाला मुडदूस निघालाय आणि रिपोर्टात पीटीएच ३१२. ग्रंथीचं ऑपरेशन करावं लागेल का?

मोशीकरीण | ११ जानेवारी, रात्री १२:३४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिला धागा काढतेय तो असा, अर्ध्या रात्री, घाबरून. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलगा बावीस महिन्यांचा. सतराव्या महिन्यात चालायला लागला, पण बदकासारखा डुलत चालतो. पाय जुळवून उभा केला तर गुडघ्यांच्या मधून माझी अख्खी मूठ जाते. सासूबाई म्हणायच्या, "ह्याच्या बाबाचेही असेच होते, आपोआप सरळ झाले." टाळू अजून पूर्ण भरलेली नाही. झोपेत डोकं घामानं भिजतं, उशीवर गोल डाग पडतो. हे सगळं दिसत होतं, पण डोक्यात ट्यूब पेटली ती मनगट्यांमुळे. काळ्या मण्यांच्या मनगट्या ऑक्टोबरात नव्या ओवून घेतल्या होत्या, चांगल्या सैल. गेल्या आठवड्यात तिळव्यासाठी घालायला काढल्या तर चढेनात. वजन तेवढंच, दंड काडीसारखे, आणि मनगट मात्र जाड!

मुलांच्या डॉक्टरांनी मनगट चिमटीत धरलं, बरगड्यांवरून बोट फिरवलं आणि लगेच एक्स-रे आणि रक्त तपासायला लिहून दिलं. आकडे असे:

कॅल्शियम ८.६, फॉस्फरस २.४, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांशी संबंधित एन्झाइम) १३४०, ड जीवनसत्त्व ५.८, पीटीएच म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन ३१२ (लॅबची मर्यादा १५ ते ६५). क्रिएटिनिन नॉर्मल.

डॉक्टर म्हणाले, मुडदूस आहे, औषध देतो, बरा होईल. बाहेर चाळीस पेशंट ताटकळत होते, मला जास्त विचारता आलं नाही. पण लॅबच्या कागदावर तळाला बारीक अक्षरात छापलंय, "पॅराथायरॉइड ग्रंथीची अतिक्रियाशीलता". ते शोधायला गेले आणि तासभर गळा कापलेल्या ऑपरेशनचे फोटो बघत बसले. नवरा रात्रपाळीला आहे.

माझ्या मुलाला दोन आजार आहेत का? मुडदूस एक आणि ही ग्रंथी दुसरी?

खवट_म्हातारा | ११ जानेवारी, रात्री १२:५८

ताई, आधी फोन बाजूला ठेवा आणि झोपा. मध्यरात्री वाचलेला प्रत्येक रिपोर्ट कॅन्सरचाच निघतो. सकाळी इथले डॉक्टर लोक येतील.

गल्लीतला_डॉक्टर | ११ जानेवारी, सकाळी ७:१०

मोशीकरीण ताई, आधी उत्तर, मग कारण. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून आजार एकच दिसतोय. ग्रंथी बिघडलेली नाही, ती तिचं काम करतेय, आणि जरा जास्तच इमानदारीनं करतेय. असलं पीटीएच कमी करायला गळ्याचं ऑपरेशन करत नाहीत. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मिळालं की ते आपोआप खाली येतं. (मी बाळाला तपासलेलं नाही, म्हणून औषधाचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण हार्मोनच्या ओपीडीत सात वर्षं काढली आहेत, त्यामुळे आकडे काय बोलतात ते सांगू शकतो.)

गळ्यात थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथी असते. तिच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड म्हणजे परावटू ग्रंथी चिकटलेल्या असतात. नावात साम्य आहे तेवढंच, कामाचा एकमेकींशी संबंध नाही. या चौघींचं काम एकच: रक्तातलं कॅल्शियम पडू द्यायचं नाही. कारण रक्तातलं कॅल्शियम फार घसरलं तर हातापायाला वांब येतात, मुलाला झटका येतो, हृदयाची लय बिघडते. हाड वाकलं तरी माणूस जगतो. म्हणून शरीरानं अग्रक्रम ठरवून टाकलाय, आधी रक्त, मग हाड.

आता घरातला पगार बंद झाला असं समजा. ड जीवनसत्त्व असताना आतडं अन्नातल्या कॅल्शियमपैकी साधारण ३० ते ४० टक्के आत घेतं. ते नसलं की १० ते १५ टक्क्यांवर येतं. आवक आटली, पण चूल तर पेटायला हवी. मग घरातली कर्ती बाई काय करते? दागिने मोडायला काढते. पीटीएच तेच करतं. हाडातून कॅल्शियम सोडवतं, मूत्रपिंडाला बजावतं की थेंबभरही कॅल्शियम लघवीत जाऊ द्यायचं नाही. म्हणून तुमच्या बाळाचं कॅल्शियम ८.६ आहे, म्हणजे जेमतेम का होईना टिकलंय. ही चूल ३१२ च्या जोरावर पेटलेली आहे.

पण हाड मोडलं की कॅल्शियमबरोबर फॉस्फेटही सुटतं. पीटीएच मूत्रपिंडाला सांगतं, कॅल्शियम ठेव आणि फॉस्फेट फेक. म्हणजे दागिना मोडून सोनं ठेवलं आणि खडे मोरीत सोडले. तुमच्या रिपोर्टातला फॉस्फरस २.४ तिथून आला. या वयात तो चारच्या वर हवा.

मुडदूस होतो तो या खड्यांपायी. लहान मुलाच्या हाडाच्या टोकाला कूर्चेची वाढती पट्टी असते. तिच्यातल्या पेशी रांगेनं फुगतात, मग मरतात, आणि त्यांच्या जागी हाड भरतं. त्या पेशींना वेळेवर मरायला फॉस्फेट लागतं. ते नसलं की पेशी मरतही नाहीत आणि त्यांच्यात चुनाही भरत नाही. नुसत्या साचत जातात, पट्टी जाड होते. ती जाड पट्टी म्हणजेच तुमच्या मनगट्या अडवणारं मनगट. बरगडीच्या टोकाला हेच झालं की माळेसारखे मणी हाताला लागतात. डॉक्टरांनी बोट फिरवून तेच पाहिलं.

जुईचा_बाबा | ११ जानेवारी, सकाळी ८:०२

वा डॉक्टर! दहावीला असं कुणी शिकवलं असतं तर. पण एक शंका. तुमच्याच म्हणण्यानुसार फॉस्फेट पीटीएचनं घालवलं, आणि फॉस्फेट नाही म्हणून मुडदूस. मग गुन्हेगार ग्रंथीच झाली की. तिला गप्प केलं तर?

गल्लीतला_डॉक्टर | ११ जानेवारी, दुपारी १:४०

अर्धं बरोबर. हाड वाकवणारा हात पीटीएचचाच. पण तो हात बांधला तर कॅल्शियम कोसळेल आणि बाळ झटके येऊन इमर्जन्सीत पोचेल. पगार सुरू करणं हा एकच उपाय.

फॉस्फेटच खरं कळीचं आहे याचा पुरावा दुसऱ्या एका मुडदुसात मिळतो. काही कुटुंबांत मूत्रपिंडातून फॉस्फेट गळण्याचा जनुकीय आजार असतो. तिथे कॅल्शियम नॉर्मल, ड जीवनसत्त्वही ठीक, पीटीएच नॉर्मल किंवा किंचित वर, आणि तरी पाय धनुष्यासारखे. म्हणून मुडदुसाच्या पोराचं पीटीएच करतात ते ऑपरेशन ठरवायला नव्हे, वाट ठरवायला. भरपूर वाढलंय, तर आवक कमी पडतेय: ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम किंवा दोन्ही. वाढलेलं नाही आणि फॉस्फेट पडलंय, तर गळती शोधा. पीटीएच वाढलंय आणि फॉस्फेटही वाढलंय, तर मूत्रपिंड थकलंय का बघा. ताई, तुमच्या बाळाचं क्रिएटिनिन नॉर्मल आहे हे त्यासाठी महत्त्वाचं.

वऱ्हाडी_ठेचा | ११ जानेवारी, दुपारी ३:२५

डॉक्टर म्हणतात ते दुसरं मुडदूस आमच्या घरात आहे. माझा भाचा. चार वर्षांचा असल्यापासून दर थोड्या महिन्यांनी ड जीवनसत्त्वाच्या ६० हजार एककवाल्या पुड्या. पाय जैसे थे. ज्याच्याकडे जावं तो नवीन पुडी लिहून देई. नऊ वर्षांचा झाला तेव्हा नागपुरात एका मॅडमनी विचारलं, "फॉस्फरस कुणी केलाय का?" पाच वर्षांच्या फायलीत एकदाही नव्हता! माझ्या बहिणीची उंची चार फूट सात इंच आणि पाय बाकदार, हे सगळ्यांनी पाहिलं होतं पण कुणी जोडलं नव्हतं. आता फॉस्फेटचं औषध दिवसातून पाच वेळा चालू आहे. तेव्हा ताई, तुमचा फॉस्फरस आणि पीटीएच पहिल्याच फटक्यात केलं म्हणजे तुमचे डॉक्टर चाळीस पेशंटांतही जागे आहेत.

मोशीकरीण | ११ जानेवारी, रात्री ९:१५

सगळ्यांचे खूप आभार. सोनं आणि खड्यांचं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला, "म्हणजे ग्रंथी तुझ्या आईसारखी आहे." (माझ्या आईनं बाबांचा कारखाना बंद पडल्यावर पाटल्या मोडल्या होत्या.)

आता पुढचा प्रश्न, जरा लाजतच विचारते. ड जीवनसत्त्व इतकं कमी कसं? आपण काही लंडनला राहत नाही. इथे उन्हानं कातडं सोलून निघतं.

भरदुपार | ११ जानेवारी, रात्री ९:४४

ऊन महाराष्ट्रात आहे, बाळावर पडतं का? मोशीतल्या बाविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते काचेतून येतं, आणि काच अतिनील-ब किरण अडवते. ऊब मिळते, ड जीवनसत्त्व मिळत नाही.

मोशीकरीण | ११ जानेवारी, रात्री ९:५२

अकरावा मजला. पण हो. दहा ते सहा पाळणाघर, तेही फ्लॅटमध्ये. संध्याकाळी सातला घरी.

इंदूमावशी | ११ जानेवारी, रात्री १०:०५

अगं, कोवळं ऊन दे. सकाळी साडेसहा-सातचं. तेल लावून गॅलरीत बसव. आमची सगळी मुलं तशीच वाढली.

गल्लीतला_डॉक्टर | १२ जानेवारी, सकाळी ७:२०

मावशी, रागावू नका, पण कोवळ्या उन्हाची कीर्ती त्याच्या कामापेक्षा मोठी आहे. सूर्य खाली असतो तेव्हा किरण तिरपे येतात आणि अतिनील-ब वातावरणातच गळून जातं. खूण सोपी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल तेव्हाच कातडीत ड जीवनसत्त्व चांगलं तयार होतं. तुमची मुलं वाढली ती सातच्या उन्हावर नाही, त्यानंतर दिवसभर उघडीनागडी अंगणात लोळली म्हणून. सावळ्या कातडीला गोरीपेक्षा जास्त वेळ लागतो हेही आहेच. आणि हवेतला धूर! २००२ साली छापून आलेला दिल्लीचा अभ्यास आहे, ९ ते २४ महिन्यांच्या बाळांचा. मोरी गेटच्या धुरकट वस्तीतल्या बाळांची ड जीवनसत्त्वाची सरासरी १२.४ आली, तेव्हाच्या मोकळ्या गुडगावातल्या बाळांची २७.१.

ताई, दूध कुठलं पाजलंत? आणि जन्मानंतर थेंब दिले होते का?

मोशीकरीण | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

दीड वर्ष अंगावरचंच. वरचं दूध तोंडात धरत नाही, थुंकतो. थेंब दिले होते तीन महिने, मग बाटली संपली आणि राहून गेलं. इतकं चांगलं अंगावर पितोय तर कशाला, असं वाटलं.

गल्लीतला_डॉक्टर | १२ जानेवारी, दुपारी १:५५

इथेच बहुतेकांची फसगत होते. आईचं दूध बाकी सगळ्यात उत्तम, पण त्यात ड जीवनसत्त्व नावापुरतं असतं, आणि आईतच नसेल तर तेवढंही नाही. म्हणून पहिल्या वर्षभर रोज ४०० एकक थेंब द्यायला सांगतात, अंगावर पिणाऱ्यालाही. बाळाला जन्मतः मिळणारा साठाही आईकडूनच येतो. तेव्हा एक काम करा. तुमचंही ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच करून घ्या.

जुनी_पानं | १२ जानेवारी, रात्री ११:१८

धागा उत्तम चाललाय म्हणून थोडं अवांतर. मोशीकरीण ताईंना मध्यरात्री पडलेला प्रश्न, ग्रंथी हाडामुळे वाढली की हाड ग्रंथीमुळे गेलं, यावर व्हिएन्नात वीस वर्षं घोळ चालला होता.

आधी ग्रंथीची गंमत. या ग्रंथी पहिल्यांदा नोंदल्या गेल्या त्या माणसात नाही, तर भारतीय गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला गेंडा १८४९ मध्ये मेला, रिचर्ड ओवेननं त्याची चिरफाड केली आणि थायरॉइडला चिकटलेला एक छोटा पिवळसर गोळा टिपून ठेवला. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन १८८० साली स्वीडनच्या उप्सालात इवार सँडस्ट्रॉम नावाच्या विद्यार्थ्यानं छापलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात याकोब एर्डहाइम हा विकृतिशास्त्रज्ञ शवविच्छेदनं करत होता. त्याला दिसलं की ज्यांची हाडं मऊ पडली आहेत त्यांच्या परावटू ग्रंथी फुगलेल्या असतात. मुडदूस झालेल्या उंदरांतही तेच. त्यानं निष्कर्ष काढला की हाडं आधी बिघडतात आणि ग्रंथी भरपाई करायला धावतात. मुडदुसाच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं. आपल्या डॉक्टरांनी काल जे लिहिलं ते तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं.

पण पुढे हे सगळ्याच हाडांना लावलं गेलं. १९१५ मध्ये श्लागेनहाउफर म्हणाला, अरे, काही रोग्यांत चारपैकी एकच ग्रंथी मोठी असते. भरपाई असती तर चारही वाढल्या असत्या. ती एक कापून बघा. कुणी मनावर घेतलं नाही. १९२० च्या दशकात व्हिएन्नाचाच शल्यविशारद फेलिक्स मांडल याच्याकडे एक ट्रामवाला आला. हाडं ठिसूळ, मांडीचं हाड मोडलेलं, लघवीत कॅल्शियम वाहतंय. मांडलनं एर्डहाइमला प्रमाण मानलं आणि काय केलं? त्याला ग्रंथीचा अर्क दिला, वरून दुसऱ्याच्या परावटू ग्रंथी त्याच्यात बसवल्या! म्हणजे आधीच दागिने मोडणाऱ्या घरात आणखी एक मोडणारी आणून ठेवली. काही गुण येईना. शेवटी १९२५ मध्ये गळा उघडला, एक गाठ सापडली, ती काढली, आणि माणूस पुन्हा चालू लागला. (काही वर्षांनी दुखणं उलटलं, पण तोवर मुद्दा सिद्ध झाला होता.)

म्हणजे नाव एक, गोष्टी दोन. चारही ग्रंथी बाहेरच्या टंचाईनं कामाला जुंपल्या ती दुय्यम अतिक्रिया. एकच ग्रंथी कुणी न सांगता उधळली ती प्राथमिक. लॅबच्या यंत्राला फक्त आकडा दिसतो, म्हणून तळाशी एकच वाक्य छापतं.

त्याच शहरात, त्याच सुमारास, महायुद्धानंतरच्या उपासमारीत हॅरिएट चिक ही इंग्रज बाई मुडदुसाच्या मुलांना कॉड माशाचं तेल आणि ऊन देऊन बरी करत होती. त्याआधी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्कीनं पाऱ्याच्या दिव्याखाली मुलाचा एक हात धरला, तर दुसऱ्या हाताचं हाडही भरून आलं. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जातंय.

आणि आपल्याकडचं सांगायचं राहिलं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हचिसन नावाच्या डॉक्टरनं नाशिकात मुडदूस अभ्यासला. त्याला दिसलं की उन्हात राबणाऱ्या गरिबांची पोरं, खायला निकृष्ट असूनही, त्यातून सुटतात, आणि पडद्यात राहणाऱ्या खात्यापित्या घरांतली सापडतात. शंभर वर्षांनी पडदा गेला, काच आली.

खवट_म्हातारा | १२ जानेवारी, रात्री ११:५०

जुनी_पानं, झकास. शेवटचं वाक्य सोडून. ते भाषणात चाललं असतं. नाशिकच्या त्या डॉक्टरवर वेगळा धागा काढा.

चिंचोका | १३ जानेवारी, सकाळी १०:३३

प्राथमिकचं उदाहरण आमच्या घरातलं देतो, फरक कळावा म्हणून. आई, वय ६३, कोल्हापूर. दोनदा मुतखडा, बद्धकोष्ठ, सतत थकवा, आणि स्वभाव असा बदलला की आम्ही मानसोपचारापर्यंत पोचलो. हाडं दुखतात म्हणून ड जीवनसत्त्व केलं, ११ आलं. सगळे खूश, कारण सापडलं! पुड्या सुरू. पीटीएच १९८, तेव्हा सांगण्यात आलं, "ड जीवनसत्त्व कमी असलं की वाढतंच." अगदी तुमच्या डॉक्टरांसारखंच वाक्य, पण इथे चूक. कारण कॅल्शियम १०.६ होतं आणि ते कुणी नीट पाहिलं नाही.

पुढच्या डॉक्टरांनी सांगितलं, टंचाईमुळे ग्रंथी ओरडत असेल तर कॅल्शियम कमी किंवा खालच्या बाजूला हवं. ड जीवनसत्त्व ११ असतानाही कॅल्शियम वर असेल, तर ग्रंथी टंचाईमुळे नाही, स्वतःच्या मर्जीनं काम करतेय. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं उलट खरा आकडा झाकला होता. पुड्यांनी ती भरल्यावर कॅल्शियम ११.८ वर गेलं. स्कॅनमध्ये उजवीकडे खालची एकच ग्रंथी चमकली. काढली तेव्हा मला बरणीत दाखवली, चिंचोक्यापेक्षा जराशी मोठी, तांबूस तपकिरी. आयडी तेव्हापासूनचाच.

टेबलावरच, गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा पीटीएच केलं, निम्म्याच्या खूप खाली आलं होतं. ते हार्मोन रक्तात मिनिटांतच विरतं म्हणे, म्हणून लगेच कळतं. पण तिसऱ्या दिवशी ओठांना मुंग्या, बोटं वाकडी. वर्षानुवर्षं लुटलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेत होती. आठवडाभर सलाइनमधून कॅल्शियम.

गल्लीतला_डॉक्टर | १३ जानेवारी, दुपारी २:०५

चिंचोका यांनी माझं काम हलकं केलं. एक पुरवणी: ही गाठ क्वचित बारा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींत होते आणि आपल्याकडे ती गुडघे आत वळून मुडदुसासारखीच दिसू शकते. पुड्या देऊन पाय सुधारत नसतील आणि कॅल्शियम वर असेल तर गळ्याकडे बघायचं. बावीस महिने आणि कॅल्शियम ८.६ इथे तो विचार नको.

धडाकेबाज_दत्तू | १३ जानेवारी, रात्री ८:१९

एवढी चर्चा कशाला? आमच्या इथे ड जीवनसत्त्वाचं सहा लाख एककांचं इंजेक्शन मिळतं. एक दंडात, महिन्याने दुसरं, विषय संपला.

गल्लीतला_डॉक्टर | १३ जानेवारी, रात्री ८:४१

दत्तूशेठ, कृपा करून असं कुणाला सांगू नका. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही. इंजेक्शनावर इंजेक्शन घेऊन कॅल्शियम चौदावर, उलट्या आणि मूत्रपिंडात चुना अशी बाळं मी पाहिली आहेत. २०१६ च्या जागतिक सहमतीपत्रात पोषणज मुडदुसासाठी १२ महिन्यांवरच्या मुलांना तोंडानं रोज ३००० ते ६००० एकक, किमान ९० दिवस, असं दिलंय. आठवड्याच्या पुड्यांचा कोर्सही डॉक्टर देतात. ते त्यांच्यावर सोपवा.

आणि त्यातलं जे विसरलं जातं ते: सोबत रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. नुसती पुडी दिली तर हाड एकदम चुना भरायला घेतं, रक्तातला ओढतं, आणि चिंचोका यांच्या आईंसारखी मुंग्यांची वेळ येते. नायजेरियात तर असा मुडदूस आहे की ऊन भरपूर, ड जीवनसत्त्व फारसं कमी नाही, जेवणात कॅल्शियमच नाही. तिथे कॅल्शियम दिल्यावर मुलं सुधारली, नुसत्या ड जीवनसत्त्वानं तितकी नाहीत. पीटीएच मात्र तिथेही वाढलेलंच. ग्रंथीला पगार कुणी बुडवला याच्याशी देणंघेणं नसतं.

इंदूमावशी | १४ जानेवारी, सकाळी ६:५०

दूध थुंकतो तर नाचणीचं सत्त्व दे गं. ताकातली आंबील कर. तिळाचा लाडू कुस्करून दे, आज संक्रांतच आहे. हे तरी चालेल ना डॉक्टर?

गल्लीतला_डॉक्टर | १४ जानेवारी, सकाळी ७:१५

मावशी, इथे तुम्हाला पैकीच्या पैकी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. मोड आणून केली तर कॅल्शियम अडवणारं फायटेट कमी होतं, आणि आंबील आंबवलेलीच असते. फक्त औषधाऐवजी नाही, औषधासोबत. तिळगुळ घ्या.

मोशीकरीण | १९ जानेवारी, रात्री ११:०२

माझे रिपोर्ट आले. ड जीवनसत्त्व ६.९, पीटीएच ११८, कॅल्शियम ८.७, फॉस्फरस २.५.

बाळंतपणापासून जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. जिने चढताना कमरेत आणि जांघेत दुखतं. सगळे म्हणाले, सिझेरियनची सुई. मी पट्टा बांधून ऑफिसला जातेय दोन वर्षं. डॉक्टर, हे तेच का?

गल्लीतला_डॉक्टर | २० जानेवारी, सकाळी ७:३०

बहुतेक तेच. मोठ्या माणसाच्या वाढीच्या पट्ट्या बंद झालेल्या असतात, म्हणून मुडदूस होत नाही, हाड आतून मऊ पडतं. अस्थिमृदुता म्हणतात. मांड्यांचे स्नायूही ढिले पडतात, म्हणून हात टेकावा लागतो. सुईला उगाच बदनाम केलंय. पट्टा सोडा, स्वतःला दाखवा, औषध घ्या. पाळणाघरातल्या बाईंनाही सांगून बघा, तिथे आणखी मुलं असतील. सोसायटीची गच्ची उघडता येते का?

मोशीकरीण | २० जानेवारी, सकाळी ९:११

गच्चीला कुलूप आहे. सेक्रेटरींशी भांडायला नवऱ्याला पाठवते.

वऱ्हाडी_ठेचा | २७ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

धागा वर काढतो. ताई, पोरगं कसंय?

मोशीकरीण | १ मार्च, रात्री १०:२६

बरा आहे! पाचव्या आठवड्यात एक्स-रे झाला. जानेवारीच्या फिल्ममध्ये मनगटाच्या हाडाचं टोक बशीसारखं खोलगट होतं आणि कड कुंच्यासारखी विस्कटलेली. आता त्या विस्कटलेल्या कडेच्या पुढे एक पांढरी रेघ आलीय, खडूनं ओढल्यासारखी. डॉक्टरांनी ती मला पेनानं दाखवली, म्हणाले, "हा चुना भरतोय." फॉस्फरस ४.१, पीटीएच ९७. अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र अजून ११६० आहे, त्यानं पुन्हा पोटात गोळा आला.

गल्लीतला_डॉक्टर | २ मार्च, सकाळी ७:०५

गोळा सोडा. क्रम असाच असतो. आधी फॉस्फरस उठतो आणि पीटीएच उतरू लागतं, मग रेघ दिसते, फॉस्फेटेज हळूहळू महिन्यांनी खाली येतं. पाय सरळ व्हायला वर्ष-दोन वर्षं धरा. या वयात बहुतेकांचे आपोआप होतात, आत्ताच बूट-पट्ट्यांच्या मागे लागू नका.

मोशीकरीण | २२ एप्रिल, रात्री ९:४८

तीन महिन्यांचे आकडे: कॅल्शियम ९.६, फॉस्फरस ४.९, फॉस्फेटेज ५२०, ड जीवनसत्त्व ३६, पीटीएच ५१. लॅबनं यावेळी तळाला काहीच छापलं नाही. आता रोजचे साधे थेंब चालू राहणार. गच्चीची किल्ली मिळाली, दहा ते साडेदहा पाळणाघरातली पाच मुलं तिथे पाण्याच्या टाकीभोवती पळतात. गुडघ्यांत अजून तीन बोटं फट आहे, मूठ जात नाही. मी हात न टेकता उठते.

इंदूमावशी | २२ एप्रिल, रात्री १०:०१

देवाचे आभार गं बाई. आणि मनगट्या?

मोशीकरीण | २२ एप्रिल, रात्री १०:०७

अजून अडकतात मावशी. सासूबाईंनी दोन-दोन मणी वाढवून ओवल्यात.